दोन नग ॲक्सल

पुण्यात ॲक्सल मिळत नाही असं म्हणणारा माणूस एक तर थापा मारतो, नाही तर त्याला दोनच हवे असतात.

मुंढव्याची भारत फोर्ज १९६१ सालची. ट्रकाच्या पुढच्या ॲक्सलचे बीम आणि क्रँकशाफ्ट तिथं तापवून, ठोकून जगभर जातात. पिंपरीत टाटांचे ट्रक, आकुर्डीत टेम्पो, आणि चाकणला तर मोटार या वस्तूचा कुठलाही अवयव सुटा बघायला मिळतो. चाकण-तळेगाव रस्त्यावर रात्री लाल ऑक्साइड फासलेले ॲक्सल रचून चाललेला ट्रेलर पुढं असला, की मागच्या गाडीतल्या पुणेकराला पहिली पाच मिनिटं आपल्या शहराचा अभिमान वाटतो. पुढचा पाऊण तास त्याला काय वाटतं ते छापण्यासारखं नाही.

अशा या शहरात माझ्या भाच्याला ॲक्सल मिळेना.

भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्यानं मुंबईच्या एका पार्टीकडून परदेशी बनावटीची जुनी गाडी घेतली. आठ सिलिंडर, सगळा जोर मागच्या चाकांवर, आणि बॉनेट एवढं लांब की गाडीचं नाक मुख्य रस्त्यावर पोचतं तेव्हा चालवणारा अजून सोसायटीच्या फाटकातच असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे मोडलं त्यात तिचा काही दोष नाही. ताशी अडीचशे किलोमीटर जाऊ शकणारी ही गाडी रोज सकाळी वाकडच्या पुलाखाली उभी असते, आणि टोपलीतून पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा तिला एकदा जाताना नि एकदा येताना ओलांडतो.

मग त्याला ड्रॅग रेसिंगचा नाद लागला. सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि आधी पोचायचं. वळण नाही, डावपेच नाहीत, सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो. हे सगळं त्यानं आपल्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, समजावून सांगितलं. ताई भाजी निवडत होती.

"चारशे मीटर?" ती म्हणाली. "तेवढ्याला गाडी काढायची? चालत जा की."

ताईच्या या मुद्द्याचं खंडन जगातल्या कुठल्याही मोटारतज्ज्ञानं अजून केलेलं नाही. गुडलक चौकातून सुटलं तर फर्ग्युसनचं फाटक यायच्या आतच शर्यत संपते. एवढ्याशा अंतरासाठी अमेरिकेत वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही अख्खी संस्था काढली. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिकडं विमानांच्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या आणि घरी परतलेल्या तरुणांच्या हातात पान्हे होते. दोन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? आता तिथल्या सगळ्यात वरच्या वर्गातल्या टॉप फ्युएल गाड्या अकरा हजारांहून जास्त अश्वशक्तीच्या असतात आणि त्यांना पाव मैलही पुरेनासा झाला. म्हणजे उलट, फारच पुरायला लागला. वेग इतके वाढले की २००८ साली, एका चालकाचा जीव गेल्यानंतर, त्यांचं अंतर कमी करून हजार फुटांवर आणलं. वेग वाढला म्हणून रस्ता आखूड करणारा हा एकच खेळ असावा. पुणे महापालिका तेच काम गतिरोधकांनी करते.

गतिरोधकांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधकाला १७ मीटरची त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची सांगितली आहे. आमच्या गल्लीतला गतिरोधक ज्यानं घातला त्यानं यातला 'दहा' एवढाच आकडा ऐकला असावा, आणि तोही इंचांत. भाच्याची गाडी त्याच्यावरून तिरकी, नवी नवरी उंबरा ओलांडते तशी जपून न्यावी लागते.

पुण्यात ४०२ मीटर मोकळा रस्ता मिळणं अशक्य, म्हणून हे सगळे हौशी लोक ॲम्बी व्हॅलीला जातात. लोणावळ्याहून भुशी धरणाच्या पुढं, ढगांत, मुळशी तालुक्यात विमानांसाठी बांधलेली धावपट्टी आहे. 'द व्हॅली रन' नावानं तिथं ड्रॅगच्या शर्यती होतात. दुचाक्या धावतात, मोटारी धावतात, आणि रीतसर घड्याळ लावून प्रत्येकाच्या हातात वेळेची चिठ्ठी देतात. भाचा तिथं सरावाला गेला. पहिल्या खेपेला चाकांतून धूर निघाला, गाडी जागच्या जागी थयथयली आणि शेजारच्या लहानग्या हॅचबॅकनं तिला मागं टाकलं. कुणीतरी सांगितलं, टायर बदल. मग त्यानं डिंकासारखे चिकट, खास शर्यतीचे टायर घातले. पुढच्या खेपेला धूर आला नाही, चाकं घसरली नाहीत. कट्ट असा एक आवाज आला आणि इंजिन आकाशपाताळ एक करत असताना गाडी मात्र समाधी लागल्यासारखी उभी.

डाव्या बाजूचा ॲक्सल मोडला होता.

म्हणजे नेमकं काय मोडलं? जुन्या ॲम्बेसेडरला किंवा सुमोला मागं एक अखंड हाउसिंग असतं, मध्ये फुगीर गोळा, त्यात क्राउन-पिनियन, आणि दोन्ही बाजूंना नळीच्या आतून चाकापर्यंत गेलेले दांडे. भाच्याच्या गाडीत प्रत्येक चाक स्वतंत्र खालीवर होतं, म्हणून तिथं दांडे उघडे, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट. दांडा दोन-सव्वादोन फुटी, मुठीत मावेल एवढा. त्याचं काम एकच, पीळ सोसायचा.

"मामा, हिशोब कर," भाचा म्हणाला. "इंजिनाचा पीळ पाचशे न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरला तो चौपट होतो. पुढं क्राउन-पिनियन त्याला साडेतीन पट करतं. किती झाले?"

"सात हजार."

"दोन चाकांत निम्मे-निम्मे. साडेतीन हजार. म्हणजे नटाला मीटरभर लांबीचा पान्हा लावायचा आणि त्याच्या टोकाला साडेतीनशे किलो लटकवायचे."

आमच्या लिफ्टमध्ये '५ व्यक्ती, ३४० किलो' असं लिहिलेलं आहे. म्हणजे अख्खी लिफ्टभर माणसं त्या मुठीएवढ्या दांड्याला लोंबकळत होती. आणि हा झाला शांतपणे दिलेला जोर. दिवा हिरवा होताच पायाखालचा क्लच झटक्यात सोडला की हाच जोर घणाच्या घावासारखा येतो. टायर साधे होते तोवर तो घाव टायरच घसरून पचवत होते. बिचारे धूर सोडून ॲक्सलचा जीव वाचवत होते. टायर चिकटले आणि ॲक्सलवर पाळी आली.

मोडलेला तुकडा घेऊन भाचा आमच्या सोसायटीतल्या काकांकडे गेला. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतात. पिंपरीच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सकाळी पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग कधी जाणार ते सांगणारे. काकांनी तुकडा उजेडात धरला, मोडलेल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि नातीच्या पाटीवरचा खडू उचलून दोन्ही हातांनी पिळला. खडू पंचेचाळीस अंशांत तिरका मोडला.

"कडक वस्तू पिळानं मोडली की अशी मोडते. मऊ असती तर सरळ आडवी तुटली असती. तुझा बघ, कडेनं तिरका, आत सरळ. वरचं कातडं कडक केलेलं, गाभा मऊ. बनवणाऱ्यानं काम चोख केलंय. तू चुकीच्या कामाला लावलास."

मग त्यांनी दुसरा, न मोडलेला दांडाही काढायला लावला. त्याच्यावरचे टोकाचे दात एका रेषेत नव्हते, किंचित गोल फिरले होते. पोलाद थोडं पिळलं तर सोडल्यावर परत सरळ येतं. मर्यादेपलीकडं पिळलं की तो पीळ कायमचा राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ शाबूत होता आणि तरी पीळ गेला नव्हता.

"दोन्ही बदल," काका म्हणाले. "सहा मिलिमीटर जाड घे. तीसचा छत्तीस केलास की ताकद जवळजवळ पावणेदोन पट होते. व्यासाचा घन." आणि भाचा उठला तेव्हा त्यांनी मोटार वाहन कायदाही ऐकवला: कलम ५२, नोंदणीत नाही तो फेरफार करायचा नाही, कलम १८९, सरकारच्या परवानगीविना रस्त्यावर शर्यत लावायची नाही. "संगम पुलापाशी आरटीओत मला सगळे ओळखतात," असंही म्हणाले. ही मदतीची तयारी होती की धमकी, ते कळलं नाही. पण भाचा तेव्हापासून गाडी शर्यतीला ट्रकवर चढवून नेतो.

आता ॲक्सल जाड केला की प्रश्न सुटला असं साध्या माणसाला वाटेल. या छंदात कुठलाच प्रश्न सुटत नाही, त्याची बदली होते. ॲक्सल भक्कम झाला की डिफरन्शिअल मोडतं. ते भक्कम केलं की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो. तो बदलला की गिअरबॉक्स. गिअरबॉक्सनंतर क्लच. क्लचनंतर लग्न, असं ताई म्हणते; म्हणजे जमत आलेलं.

आणि हे मोडणं नेहमी खर्चावर निभावतं असंही नाही. डॉन गार्लिट्स या अमेरिकन ड्रॅग रेसिंगमधल्या दादा माणसाची गोष्ट भाचा नेहमी सांगतो. त्या काळच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढं आणि चालक पार मागं, मागच्या ॲक्सलच्याही मागं, दोन्ही पाय ॲक्सलवरून पुढं टाकून बसायचा. १९७० साली कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्याचा गिअरबॉक्स पायांतच फुटला आणि उजव्या पावलाचा तुकडा गेला. माणूस घरी बसला नाही. त्यानं विचार केला की फुटणाऱ्या गोष्टी आपल्या मागं असलेल्या बऱ्या, आणि १९७१ साली इंजिन चालकाच्या पाठीमागं असलेली गाडी घेऊन आला. ती जिंकायला लागली आणि बघता बघता सगळ्यांनी तीच रचना उचलली. मी ही गोष्ट ताईला सांगितलेली नाही.

आमची शोधयात्रा नाना पेठेपासून सुरू झाली. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुणेकर दुसरीकडं जातच नाही. नाना पेठेतला दुकानदार 'नाही' हा शब्द वापरत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. भाच्यानं गाडीचं नाव सांगितलं. दुकानदार वर बघत क्षणभर थांबला.

"आरशाचं कव्हर आहे त्याचं. देऊ?"

"ॲक्सल हवाय."

"ॲक्सल." परत वर बघणं. "सुमोचा बसवा. आयुष्यभर बघायला नको."

आमच्या शेजारी उभा असलेला एक मुलगा यावर फिसकन हसला. तो स्वतःच्या हॅचबॅकला शर्यतीचा मागचा ॲक्सल शोधायला आला होता. त्याचा मेकॅनिकही बरोबर होता आणि तो त्याला बऱ्याच वेळापासून काहीतरी समजावत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "अरे, तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. मागची चाकं नुसती सोबतीला येतात. त्यांना काय करायचाय शर्यतीचा ॲक्सल?" मुलगा गप्प झाला. मारुती आठशे आल्यापासून या देशातल्या बहुतेक मोटारी अशा पुढून ओढल्या जातात आणि त्यांच्या मालकांना ते ठाऊक नसतं. ठाऊक असायचं काही कारणही नाही म्हणा.

पण सुमोच्या सल्ल्याला तो हसला ते मला पटलं नाही, कारण अमेरिकेत लोक नेमकं हेच करत आले आहेत. तिकडच्या हौशी मंडळींचे दोन लाडके मागचे ॲक्सल आहेत. एक फोर्डचा 'नाइन इंच', १९५७ सालापासूनचा, मोटारींना आणि पिकअप ट्रकांनाही बसवलेला. दुसरा 'डॅना ६०', मुळातच जड कामाचा, ट्रकांखाली राबणारा. भंगारातून ट्रकाचा ॲक्सल आणायचा, दोन्ही बाजूंनी कापून आखूड करायचा आणि शर्यतीच्या गाडीखाली बसवायचा, ही तिकडची पिढीजात विद्या. नाना पेठेतल्या दुकानदाराला ती कुणी न शिकवता येत होती. अडचण इतकीच, की भाच्याच्या गाडीची मागची चाकं स्वतंत्र. तिथं अखंड ॲक्सल बसवायचा म्हणजे अर्धी गाडी कापायची.

या डॅना कंपनीचं जुनं नाव स्पायसर. क्लॅरेन्स स्पायसर या माणसानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीसाठी युनिव्हर्सल जॉइंट बनवला आणि साखळ्यांवर चालणाऱ्या मोटारी शाफ्टवर आल्या. स्पायसरचा कारखाना चाकणलाही आहे, असं भाचा उत्साहानं सांगू लागला, तेव्हा ताईनं मान डोलावली.

"स्पायसर माहितीय की. औंधचं. त्यांच्याकडचा ब्रेड चांगला असतो."

तो स्पायसर वेगळा, मिशनरी, कॉलेजवाला. पण ताईला एवढ्यावरूनच मुलगा बऱ्या लोकांत वावरतोय असं वाटलं, म्हणून कुणी दुरुस्ती केली नाही.

मोठ्या कारखान्यांत चौकशी करण्यात अर्थ नव्हता. तिथं भाच्याचे मित्रच अधिकारी आहेत, पण दोन नग हा आकडा त्यांच्या संगणकात भरताच येत नाही म्हणे. राहिली आयात. अमेरिकेत या दांड्यांचे खास कारखानदार आहेत. ३००एम नावाचं पोलाद वापरतात, ज्याचे विमानाच्या चाकांचे पाय बनतात. त्यांच्याकडं अमुक अश्वशक्तीला अमुक दांडा असे दर्जे ठरलेले. एक गंमत तिथंच कळली. काही जोड्यांत डावा आणि उजवा दांडा मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचा असतो. जनरल मोटर्सनं तर कॅडिलॅकच्या सीटीएस-व्हीला कारखान्यातूनच तसे घातले होते. दोन्ही दांडे सारखेच लवचीक असले की सुटताना दोन्ही एकाच लयीत पिळतात नि सुटतात, मागची चाकं टप्पे खायला लागतात आणि त्या थडथडीत काहीतरी मोडतं. एक ताठ, एक नरम ठेवला की लय जुळत नाही आणि थडथड विझते. माझ्या माहितीतले टिकलेले संसारही साधारण याच तत्त्वावर टिकले आहेत.

दांड्यांची किंमत, वर विमानाचं भाडं, वर सीमाशुल्क. कस्टम्सच्या ८७०८ या शीर्षकाखाली मोटारीचे भाग येतात, एवढं ज्ञान भाच्याला झालं आणि तो खचला. शेवटी त्यानं मध्यममार्ग काढला: टोकाचे जॉइंट अमेरिकेहून मागवायचे, दांडा इथंच करून घ्यायचा. आणि आम्ही भोसरीला गेलो.

भोसरी एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये चार लेथ आणि दोन सीएनसी यंत्रं असलेला एक जॉबवर्कवाला काकांनी सुचवला होता. आत शिरताच कूलंटचा आंबूस वास. चकमध्ये फिरणाऱ्या बारवरून लोखंडाची निळी पडलेली वेटोळी सुटत होती आणि खालच्या ट्रेमध्ये सापाच्या कातेसारखी साचत होती. कोपऱ्यात तयार नग जाळीच्या पेट्यांत, प्रत्येक पेटीवर हिरवी चिठ्ठी. एका पेटीवर लाल. लाल पेटीकडं सगळे कामगार पाठ करून उभे होते. मालक केबिनमध्ये. भिंतीवर खंडोबा, त्याखाली दोन बैलांचा फ्रेम केलेला फोटो. खंडोबाला हार होता, बैलांनाही होता.

"ड्रॉइंग?" मालकांनी हात पुढं केला.

भाच्यानं वहीचं पान दिलं.

"रिव्हिजन नंबर?"

भाच्यानं पान उलटून बघितलं.

"मटेरियल काय घ्यायचं? ईएन-२४ घेऊ. हिटट्रीट बाहेरून, दात हॉबिंग करून. रनआउट किती चालेल?" हे सगळं ते बोटं मोजत बोलत होते. "नग किती?"

"दोन."

"दोन हजार? महिन्याला?"

"नाही. दोन."

मालकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सॅम्पल दोन. ॲप्रूव्हलनंतर?"

"नंतर काही नाही. दोनच."

केबिनमध्ये जी शांतता पसरली ती मी भोसरीत कधी अनुभवली नव्हती. मालक शांतपणे समजावू लागले: यंत्र लावायलाच अर्धा दिवस जातो, दोन नगांसाठी पाचशे नगांचं यंत्र थांबवायचं म्हणजे चाकणवाल्यांची लाइन थांबते, आणि लाइन थांबली की ते आमच्या नावानं किती दंडाची डेबिट नोट काढतात ते तुम्हाला सांगत नाही. चहा घ्या. चहा म्हणजे नकार, हे उद्योगनगरीत सगळ्यांना कळतं.

चहा पिता पिता भाच्यानं टेबलावर वेळेची चिठ्ठी ठेवली होती, ॲम्बी व्हॅलीची. मालकांची नजर तिच्यावर गेली.

"हे सेकंद कशाचे?"

भाच्यानं सांगितलं. सरळ पट्टी. दोघं सुटतात. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात.

"अहो, मग असं सांगा ना आधी!" मालक उठूनच उभे राहिले. "गाडा आहे होय तुमचा!"

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या पट्ट्यात चार बैल आणि पुढं घोडी जुंपून घाटात गाडा सोडतात. घाट म्हणजे सरळ चढाचा पट्टा, आणि निकाल सेकंदांवर. मालक मूळचे खेडकडचे, फोटोतले बैल त्यांचे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली तेव्हा त्यांनी बैल विकले नाहीत. सात वर्षं नुसते सांभाळले. डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले, आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं तेव्हा परत वाटले. दरम्यान लाल चिठ्ठ्यांच्या पेट्या किती आल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

पण माणूस लोखंडातला होता. दोन मिनिटांत त्यांच्या डोक्यात प्रश्न उभा राहिला. "आमच्या गाड्याचा आख कधी मोडत नाही बघा. तुमचा का मोडतो?" आणि भाच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. "बरोबर. आमच्यात जोर बैलाच्या खुरात. चाक नुसतं मागं येतं. त्याला वजन पेलायचं, पीळ कुठाय? तुमच्यात बैलच आखात बसलाय."

मी यंत्रशास्त्राची पुस्तकं चाळली आहेत. चालता आणि ओढला जाणारा ॲक्सल यांतला फरक इतक्या थोडक्यात कुठं लिहिलेला सापडला नाही.

"दोन नग करू," मालक म्हणाले. रविवारी, सुट्टीत, स्वतः लेथवर उभं राहून त्यांनी केले. एकाची जाडी थोडी कमी ठेवली. डाव्या-उजव्याची युक्ती त्यांना सांगताच पटली, कारण जोडीतले दोन बैलही एका चालीचे असून चालत नाहीत म्हणे. हिटट्रीटवरून नग परत आले तेव्हा डायल लावून रनआउट बघितला, आणि मग दोन्ही दांड्यांवर लांबीच्या दिशेनं पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. दांडा कायमचा पिळला की ती रेघ मळसूत्रासारखी वळते. पैसे विचारले तर म्हणाले, "पैसे राहू द्या. बारी बघायला येणार."

आणि आले. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर काळे चष्मे घातलेल्या मुलांच्या गर्दीत पांढरी टोपी, पांढरा शर्ट, हातात शिट्टी. शिट्टी कुणी वाजवू दिली नाही. बक्षीस काय असतं असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, ट्रॉफी.

"नुसती?"

"प्रमाणपत्रही देत असतील."

त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. २०२२ साली चिखलीला बैलगाड्यांची शर्यत झाली तेव्हा बक्षिसांत जेसीबी होता, बोलेरो होती. "एवढा खर्च करून ट्रॉफी," ते स्वतःशीच म्हणाले, "शिकलेली माणसं तुम्ही."

भाच्याची गाडी रेषेवर आली. दिवे उतरत गेले, हिरवा लागला, आणि माझ्या शेजारून पोटाच्या तळापासून "भिर्रर्र!" निघाला. गाडी बंदुकीतून सुटावी तशी गेली. काळे चष्मे वळून आमच्याकडं बघू लागले. वेळ आधीपेक्षा चांगली आली. दुसऱ्या खेपेला भाच्यानं आणखी जोरात क्लच सोडला. तोच तो कट्ट आवाज, आणि गाडी आपली उभी.

ढकलत बाजूला आणली, जॅकवर घेतली. मालक टोपी खिशात घालून आडवे झाले आणि मोबाइलच्या उजेडात गाडीखाली शिरले. आम्ही त्यांचे बूट बघत उभे. खालून आवाज आला, "रेघ सरळ आहे! दोन्ही सरळ!"

ते बाहेर आले तेव्हा पाठीला चिखल आणि चेहऱ्यावर असा आनंद, की पलीकडच्या तंबूतली दोन-चार मुलं आमच्याच गाडीनं शर्यत जिंकली असं समजून हात मिळवायला आली.

"मोडलं काय मग?" भाच्यानं विचारलं.

"क्राउन-पिनियन. दात गेलेत. आपल्या पार्टमुळं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी मला, भाच्याला आणि हात मिळवायला आलेल्या मुलांनाही वेगवेगळं सांगितलं. मग खिशातून डायरी काढली.

"क्राउन-पिनियन कुणाचं?"

"गाडीबरोबर आलेलं. कंपनीचंच."

"मग डेबिट नोट त्यांच्या नावानं काढा," मालक म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या नावानं डेबिट नोट काढायला मिळाली या समाधानात त्यांनी डायरीत तारीख टाकली.